८.२ म्हणजे किती? एआय एजंटसाठी आरोग्य-डेटा सिंक टूलचं डॉक्युमेंटेशन

जळगाव जिल्ह्यात शेतीचा हिशेब ठेवणाऱ्या कुणाचीही वही उघडा, त्यात 'कांदेबाग' हा शब्द सापडेल. आमच्या असोद्यात तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ऑक्टोबरच्या आसपास लावलेली केळी म्हणजे कांदेबाग, आणि जून-जुलैत लावलेली म्हणजे मृगबाग. त्या शेतात कांदा नसतो. पण हीच वही एक्सेलमध्ये उतरवून एखाद्या एआय एजंटला दिली आणि विचारलं, "कांद्याखाली किती क्षेत्र आहे?", तर तो कांदेबागेचे एकर कांद्यात धरून मोकळा होऊ शकतो. बेरीज बरोबर, भाषा स्वच्छ, आणि उत्तर चुकीचं.

शेतीच्या वहीत असं झालं तर घरातलं कुणीतरी हसेल आणि दुरुस्त करेल. आरोग्याच्या डेटात असं झालं तर दुरुस्त करायला समोर कुणी असेलच असं नाही. 'तुमची साखर ठीक आहे' हे वाक्य वाचून एखादी आजी तपासणी पुढे ढकलेल. किंवा तुमच्या प्रबंधातला एक तक्ता चुकेल आणि तो कुणाच्या लक्षातही येणार नाही.

आजचा विषय आहे डॉक्युमेंटेशन. फोन, घड्याळ, ग्लुकोमीटर, दवाखाना अशा ठिकाणांहून आरोग्याचा डेटा गोळा करून एआय एजंटपर्यंत पोचवणाऱ्या टूलबद्दल काय लिहून ठेवायचं आणि कसं, ते पाहू. पेटची तयारी करणाऱ्यांना वाटेल की हे संगणकशास्त्रवाल्यांचं काम. तसं नाही. सांख्यिकी, फार्मसी, समाजकार्य, जीवशास्त्र, कुठल्याही विषयात आरोग्याचा डेटा वापरणार असाल तर येत्या काही वर्षांत हे काम तुमच्या टेबलावर येणारच आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: एजंटसाठी लिहिलेलं डॉक्युमेंटेशन हा तुमच्या संशोधनपद्धतीचाच भाग धरा. मार्गदर्शक सही करायला बसल्यावर परिशिष्टात घाईघाईने डकवायची ती गोष्ट नाही.

आधी तीन शब्द

सिंक टूल. वेगवेगळ्या ठिकाणचा डेटा एका जागी आणणारं आणि तो ताजा ठेवणारं सॉफ्टवेअर. अँड्रॉइड फोनवर हा डेटा गुगलच्या 'हेल्थ कनेक्ट'मध्ये जमतो. अँड्रॉइड १४ पासून ते फोनच्या प्रणालीचाच भाग झालं आहे. आयफोनवर हेच काम ॲपलचं 'हेल्थकिट' २०१४ पासून करतं. दवाखान्यांकडच्या रेकॉर्डसाठी आपल्याकडे आयुष्मान भारत डिजिटल मिशन आहे, जे २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालं. १४ अंकी आभा क्रमांक त्याचाच. त्यात डेटाची देवाणघेवाण 'एफएचआयआर' नावाच्या आंतरराष्ट्रीय मानकात होते. उच्चार 'फायर'.

एआय एजंट. भाषा मॉडेलला काही साधनं वापरायची मुभा दिली की तो एजंट. "आईची गेल्या महिन्यातली उपाशीपोटीची साखर कशी होती?" असं विचारलं की कोणतं साधन वापरायचं, कोणत्या तारखा टाकायच्या, हे तो स्वतः ठरवतो.

साधनाचं वर्णन. एजंट आणि साधनं जोडण्यासाठी अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' हे खुलं मानक आणलं. त्यात प्रत्येक साधनाचं एक नाव असतं, एक वर्णन असतं आणि इनपुटचा एक साचा असतो. साधनाच्या आत कोड कसा लिहिला आहे हे एजंटला सहसा दिसत नाही. त्याला दिसतं ते नाव, वर्णन, साचा आणि परत आलेलं उत्तर. म्हणजे तुम्ही वर्णनात जे लिहिलं नाही, ते एजंटच्या लेखी अस्तित्वातच नाही. मग ती जागा तो अंदाजाने भरतो.

माणसासाठी लिहिलेल्या माहितीत आणि एजंटसाठी लिहिलेल्या माहितीत इथे मोठा फरक पडतो. नवीन जेआरएफ प्रयोगशाळेत आली तर तिला काही अडलं की ती विचारते, "ताई, हा शून्य म्हणजे खरंच शून्य आहे का?" एजंट बहुतेक वेळा विचारत नाही. त्याला शून्य दिसला की तो शून्य धरतो आणि सरासरी काढतो.

८.२ म्हणजे किती?

समजा टूलने फक्त '८.२' हा आकडा पाठवला.

तो लंडनला असलेल्या मुलाने आणून दिलेल्या ग्लुकोमीटरचा असेल तर एकक आहे मिलिमोल प्रति लिटर. ब्रिटनमध्ये साखर त्याच एककात मोजतात. आपल्या मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आणायला १८ ने गुणायचं, म्हणजे साधारण १४८. उपाशीपोटी १२६ च्या वर मधुमेहाची मर्यादा सुरू होते, म्हणजे हा आकडा काळजीचा. पण टूलने ८.२ ला आपलंच एकक चिकटवलं, तर त्याचा अर्थ साखर इतकी खाली गेली आहे की माणूस शुद्धीवर असण्याची शक्यता फारच कमी.

तोच ८.२ एचबीए१सीचा असेल तर एकक टक्के आहे, आणि गेल्या दोन-तीन महिन्यांत साखर आटोक्यात नव्हती असा त्याचा अर्थ (निदानाची मर्यादा ६.५ टक्के). तोच ८.२ हिमोग्लोबिनचा असेल तर प्रौढ स्त्रीच्या बाबतीत मध्यम स्वरूपाचा रक्तक्षय. आणि झोपेचे तास असतील तर बाई छान झोपली आहे.

पॅथॉलॉजीच्या छापील रिपोर्टवर हा गोंधळ होत नाही, कारण आकड्याशेजारी चाचणीचं नाव, एकक आणि सामान्य मर्यादा छापलेल्या असतात. डेटा एका संगणकातून दुसऱ्यात जाताना नेमकी हीच सोबतची माहिती गळते. म्हणून मानकं झाली. चाचणीची ओळख पटवायला लोइंक नावाची सांकेतिक यादी आहे. त्यात एचबीए१सीचा क्रमांक ४५४८-४ आणि हिमोग्लोबिनचा ७१८-७. एककं लिहायला युकम नावाची पद्धत आहे. तुमचं टूल ही मानकं वापरत असेल तर वर्णनात तसं लिहा. वापरत नसेल तर चाचणीचं पूर्ण नाव आणि एकक शब्दांत लिहा, आणि एकक बदलून पाठवत असाल तर मूळ आकडाही सोबत ठेवा.

एकक लिहिलं म्हणून काम संपत नाही. साखरेचा आकडा उपाशीपोटीचा की जेवणानंतरचा, हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. हेल्थ कनेक्टमध्ये रक्तशर्करेच्या नोंदीत 'जेवणाशी संबंध' आणि 'नमुना कशाचा' (बोटातलं रक्त, प्लाझ्मा, त्वचेखालचा द्रव) असे रकाने दिलेले आहेत. पण ते भरायचे की नाही हे डेटा लिहिणाऱ्या ॲपवर असतं, आणि न भरल्यास किंमत 'माहीत नाही' अशी येते. ही गोष्ट वर्णनात हवीच: 'जेवणाशी संबंध माहीत नसलेली नोंद उपाशीपोटीची समजू नये.'

गडचिरोलीचे मणी

आकड्यासोबत अर्थ बांधून पाठवायचा, ही गरज एआयमुळे नव्याने आलेली नाही. महाराष्ट्रातलंच एक उदाहरण मला फार आवडतं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी गावातल्या सुईणींच्या हातात द्यायचं एक साधं उपकरण तयार केलं, श्वास मोजण्याचं. बाळ मिनिटाला किती श्वास घेतं यावर संशय घ्यायचा असतो. पण मर्यादा वयानुसार बदलते. दोन महिन्यांखालच्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त. म्हणजे ५२ हा आकडा एक महिन्याच्या बाळासाठी ठीक, आणि सहा महिन्यांच्या बाळासाठी धोक्याचा.

मोठे आकडे मोजण्याची सवय नसलेल्या सुईणीला हे कसं जमावं? उपकरणात एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, वयोगटानुसार एकेक. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा लाल मणी सरकला तर बाळाला उपचाराची गरज.

आता याच्याकडे डॉक्युमेंटेशन म्हणून पाहा. मोजायचं काय, किती वेळ, कुणासाठी कोणती ओळ, मर्यादा कुठे, मर्यादा ओलांडली तर काय करायचं, हे सगळं वापराच्या जागीच आहे. वेगळी पुस्तिका उघडावी लागत नाही. सुईण आणि एजंट यांची तुलना मला करायची नाही. सुईणीकडे अनुभव असतो, ती बाळाकडे बघते, आईशी बोलते. एजंटकडे यातलं काही नाही. म्हणूनच त्याच्या हातात दिलेल्या साधनात हा अर्थ आणखी घट्ट बसवायला हवा.

दिवस कधी सुरू होतो?

बहुतेक टूल वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवतात. भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या आधी घडलेली प्रत्येक गोष्ट त्या वेळेनुसार आदल्या दिवशी पडते.

पुण्या-मुंबईतल्या ऑफिसला जाणाऱ्या माणसाच्या डेटात हा फरक कदाचित जाणवणारही नाही. खानदेशात जाणवेल. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा शेतात जाणारे लोक उजाडायच्या आधीच निघतात. १७ मे रोजी पहाटे पाच वाजता चाललेली हजारो पावलं टूलने १६ मेच्या खात्यात टाकली, तर एजंट सांगेल की हा माणूस १७ तारखेला जवळजवळ चाललाच नाही. पहाटे सव्वापाचला मोजलेली उपाशीपोटीची साखर आदल्या तारखेला लागेल आणि आदल्या रात्रीच्या जेवणाच्या आधीची दिसेल.

झोपेचं तर आणखी अवघड. शेतीच्या पंपाला रात्रीची वीज असेल तेव्हा माणूस दोन वाजता उठून मोटार चालू करायला जातो, साडेतीनला परत येऊन झोपतो. घड्याळात झोपेचे दोन तुकडे पडतात. टूल ते जोडतं का? जोडत असेल तर मधलं अंतर किती मिनिटांपर्यंत? आणि ही झोप कोणत्या तारखेची, झोपला त्या की उठला त्या? यातलं कोणतंही एक उत्तर चुकीचं नाही. पण जे ठरवलं ते लिहिलेलं नसेल, तर एजंट 'निद्रानाशाची शक्यता' असं लिहून मोकळा होईल. खरं कारण विजेचं वेळापत्रक असेल.

म्हणून वेळेबद्दल किमान चार गोष्टी लिहा: साठवण कोणत्या वेळेत, उत्तर कोणत्या वेळेत, 'दिवस' कुठून कुठपर्यंत, आणि मध्यरात्र ओलांडणारी नोंद कोणत्या तारखेची. हेल्थ कनेक्टच्या नोंदीत स्थानिक वेळेचा फरक साठवायला वेगळी जागा आहे, पण तीही रिकामी असू शकते. रिकामी असेल तेव्हा तुमचं टूल काय गृहीत धरतं, तेही लिहा.

शून्य, रिकामं आणि नकार

संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा, कारण 'मिसिंग डेटा' हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो.

पावलं शून्य. याचे किती अर्थ निघतात बघा. माणूस दिवसभर झोपून होता. घड्याळ चार्जिंगला लावलं होतं. घड्याळ हातात होतं, पण फोनशी जुळलं नाही. फोनशी जुळलं, पण टूलने अजून उचललं नाही. किंवा त्या माणसाने पावलांची परवानगीच दिलेली नाही.

शेवटच्या शक्यतेबद्दल हेल्थकिटची एक खास गोष्ट आहे. आयफोनवर वाचायची परवानगी नाकारली, तर नाकारल्याचं ॲपला कळतच नाही. दुसऱ्यांनी लिहिलेला डेटा जणू नाहीच, असं त्याला दिसतं. हे मुद्दाम केलेलं आहे. एखाद्याने मासिक पाळीची किंवा साखरेची नोंद दाखवायला नकार दिला, एवढ्यावरूनही त्याच्याबद्दल काहीतरी कळू शकतं, म्हणून नकारसुद्धा लपवला जातो. गोपनीयतेच्या दृष्टीने हे योग्यच. पण तुमच्या टूलच्या वर्णनात हे आलं नाही, तर एजंट 'नोंद नाही' याचा अर्थ 'त्रास नाही' असा लावेल.

एफएचआयआरने यासाठी सोय केली आहे. निरीक्षणाच्या नोंदीत किंमत नसेल तर ती का नाही, हे सांगणारा स्वतंत्र रकाना आहे. त्यात विचारलंच नाही, विचारलं पण सांगितलं नाही, चाचणी केली नाही, माहिती झाकली आहे, चूक झाली, अशी वेगवेगळी कारणं नोंदवता येतात. तुमचं टूल कितीही छोटं असो, हा रकाना उसना घ्या. आणि 'नोंद नाही' व 'कारण कळू शकत नाही' हे दोन्ही पर्याय वेगळे ठेवा.

सिंक म्हणजे नुसती कॉपी नाही

फोन खिशात आणि घड्याळ हातात असेल तर तीच पावलं दोघं मोजतात. हेल्थ कनेक्टकडून एकत्रित बेरीज मागितली तर ते वापरकर्त्याने ठरवलेल्या प्राधान्यक्रमानुसार दुहेरी मोजणी टाळतं. पण टूलने कच्च्या नोंदी उचलून स्वतः बेरीज केली, तर आकडा फुगतो. टूल कोणती पद्धत वापरतं, हे एका वाक्यात लिहिता येतं, आणि ते एक वाक्य नसेल तर पुढचं सगळं विश्लेषण हवेत.

दुसरं, मर्यादा. परवानगी मिळाली म्हणून हेल्थ कनेक्ट सगळा इतिहास देत नाही. नेहमीच्या परवानगीत ॲपला परवानगीच्या आधीचे ३० दिवसच दिसतात, त्यामागचं हवं असेल तर वेगळी परवानगी लागते. मागच्या वेळेनंतर काय बदललं हे सांगणारी खूण, ज्याला ते 'टोकन' म्हणतात, तीही ३० दिवसांनी निकामी होते. म्हणजे कुणी दीड महिना ॲप उघडलंच नाही, तर टूलला पुन्हा पहिल्यापासून वाचावं लागतं. आणि मधल्या काळात काही नोंदी काढून टाकल्या असतील, तर त्या तुमच्याकडे तशाच राहून जाऊ शकतात. या वेळी टूल काय करतं? लिहा.

मर्यादा न लिहिल्याचं मोठं उदाहरण हवं असेल तर इंग्लंडचं घ्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातले कोविडचे १५,८४१ बाधित रुग्ण तिथल्या रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत. प्रयोगशाळांकडून आलेला डेटा एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरला जात होता, आणि त्या फाइलमध्ये ६५,५३६ च्या वर ओळी मावत नाहीत. रुग्णांना त्यांचा निकाल मिळाला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध उशिरा सुरू झाला. डेटा गळत असताना धोक्याची घंटा वाजली नाही, हे यातलं सगळ्यात महत्त्वाचं.

म्हणून प्रत्येक उत्तरासोबत दोन वेळा परत पाठवा: शेवटचं सिंक कधी झालं आणि शेवटची नोंद कधीची आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सिंक आज सकाळी झालं असेल आणि शेवटची नोंद नऊ दिवसांपूर्वीची असेल, तर एजंटने 'सध्या' हा शब्द वापरता कामा नये. हेही वर्णनात सांगता येतं.

संमती हा डॉक्युमेंटेशनचाच भाग

आयुष्मान भारत डिजिटल मिशनची रचना इथे शिकण्यासारखी आहे. रेकॉर्ड दवाखान्याकडेच राहतं. दुसऱ्या कुणाला ते हवं असेल तर रुग्णाच्या संमतीची एक डिजिटल नोंद तयार होते. तिच्यात उद्देश कोणता, कोणत्या प्रकारची रेकॉर्ड, कोणत्या तारखांमधली, आणि मिळालेला डेटा कधी पुसायचा, हे सगळं नमूद असतं. उद्देशांच्या यादीत उपचार वेगळा आणि संशोधन वेगळं आहे. रुग्ण संमती मागेही घेऊ शकतो.

तुमच्या टूलने हाच साचा ठेवावा. घरच्यांना औषधाची आठवण करून द्यायला घेतलेला डेटा प्रबंधात वापरायचा असेल, तर ती नवीन संमती आहे आणि संस्थेच्या नैतिकता समितीकडे जायचं काम आहे. आरोग्यसेवेतल्या एआयसाठी आयसीएमआरची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं २०२३ मध्ये आली, आणि त्याच वर्षी वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदाही झाला. दोन्ही मुळातून वाचा, सारांशावर भागवू नका.

एजंटच्या बाबतीत आणखी दोन ओळी लागतात. एक, डेटा कुठे जातो. मॉडेल तुमच्याच संगणकावर चालतं की दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर? संमतीपत्रकात 'संगणकीय विश्लेषण' एवढंच लिहिलं, तर सही करणाऱ्या काकूंना हे कळणार नाही. दोन, एजंट काय करू शकत नाही. वाचणारं साधन आणि लिहिणारं किंवा पुसणारं साधन वेगळं ठेवा. संशोधनासाठी शक्यतो फक्त वाचणारंच द्या. आणि नोंदींमधला मोकळा मजकूर, म्हणजे डॉक्टरांचे शेरे किंवा रुग्णाने लिहिलेली टिपणं, हा डेटा आहे, एजंटला दिलेली सूचना नाही, हे वर्णनात लिहा आणि कोडमध्येही सांभाळा. त्या मजकुरात कुणी 'आधीच्या सूचना विसरा' असं लिहून ठेवलं तर एजंट ते पाळायला जाऊ शकतो. नुसत्या वर्णनाने हा धोका संपत नाही, म्हणूनच पुसायचा अधिकार त्याच्याकडे नसलेला बरा.

नमुना

बऱ्याच ठिकाणी वर्णन एवढंच असतं:

'साखर_वाचा: वापरकर्त्याची रक्तशर्करा देते.'

हेच असं लिहून पाहा:

- नाव: रक्तशर्करा_नोंदी_वाचा
- काय देतं: दिलेल्या दोन तारखांमधल्या रक्तशर्करेच्या नोंदी. फक्त वाचतं, काही बदलत नाही.
- एकक: मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. मूळ नोंद मिलिमोलमध्ये असेल तर १८ ने गुणलेली, मूळ किंमत सोबत.
- जेवणाशी संबंध: उपाशी, जेवणाआधी, जेवणानंतर, माहीत नाही. 'माहीत नाही' असलेली नोंद उपाशीपोटीच्या सरासरीत घेऊ नये.
- वेळ: भारतीय प्रमाणवेळ. दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री.
- नोंद नसल्यास: यादी रिकामी येते आणि कारण सोबत येतं. रिकामी यादी म्हणजे साखर सामान्य, असा अर्थ नाही.
- ताजेपणा: शेवटचं सिंक आणि शेवटची नोंद, दोन्हींची वेळ प्रत्येक उत्तरात.
- कधी वापरू नये: निदान करायला, औषधाचा डोस ठरवायला किंवा बदलायला. ७० च्या खालची नोंद दिसल्यास विश्लेषण थांबवून माणसाला कळवावं.
- आवृत्ती: १.३. मागच्या आवृत्तीपेक्षा बदल: जेवणाशी संबंध हा रकाना नवा.

हे वर्णन लांब वाटेल. पण प्रत्येक ओळ एका चुकीच्या उत्तराची वाट बंद करते. जी ओळ असं काही करत नाही, ती काढून टाका. एजंटला वाचायला दिलेल्या प्रत्येक शब्दाची जागा मर्यादित असते, आणि फापटपसाऱ्यात महत्त्वाची ओळ दबते. सविस्तर कारणमीमांसा माणसांसाठीच्या दस्तऐवजात ठेवा. तिथे टिमनिट गेब्रू आणि सहकाऱ्यांनी मांडलेली 'डेटाशीट'ची कल्पना उपयोगी पडते. डेटा का गोळा केला, कुणी केला, कसा केला, कशासाठी वापरू नये, अशी प्रश्नावली त्यांनी दिली आहे.

आवृत्तीची ओळ विसरू नका. वर्णनातला एक शब्द बदलला तरी एजंटचं वागणं बदलू शकतं. त्यामुळे प्रबंधात निष्कर्ष लिहिताना टूलची आवृत्ती, वर्णनाचा पूर्ण मजकूर, मॉडेलचं नाव व आवृत्ती आणि डेटा कोणत्या तारखेला गोठवला, या चार गोष्टी नोंदवा. रसायनशास्त्रात अभिकर्मकाची शुद्धता लिहिता, तसंच हे.

नीट लिहिलंय हे कसं तपासायचं?

कोड न दाखवता फक्त वर्णन एका मैत्रिणीला द्या, शक्यतो दुसऱ्या विषयातल्या. तेच वर्णन एजंटला द्या. सोबत काही बनावट नोंदी द्या, खऱ्या माणसाच्या नकोत. मग दोघांना हे प्रश्न विचारा:

१. १७ मे रोजी पहाटे पाचची नोंद कोणत्या तारखेला मोजाल?
२. जेवणाशी संबंध माहीत नसलेल्या नोंदी धरून उपाशीपोटीची सरासरी किती?
३. गेल्या आठवड्यात एकही नोंद नाही. साखर नियंत्रणात आहे का?
४. शेवटची नोंद नऊ दिवसांपूर्वीची आहे. आज गोळी वाढवावी का?
५. फोन आणि घड्याळ दोन्हींची पावलं आहेत. एकूण किती?

यातल्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाचं बरोबर उत्तर 'यावरून सांगता येत नाही' हे आहे. एजंटने तिथे आकडा किंवा सल्ला दिला, तर आधी वर्णन सुधारा आणि मगच मॉडेलला दोष द्या. प्रत्येक प्रश्न दहा वेळा विचारा, कारण एजंटचं उत्तर दर वेळी सारखंच येईल असं नसतं. दहापैकी किती वेळा बरोबर आलं ते लिहून ठेवा. तुमच्या पद्धतीच्या प्रकरणातला तो एक छोटा तक्ता होईल, आणि परीक्षकांना त्यातून कळेल की निष्कर्ष कशावर उभे आहेत.

टूल बनवणारे तुम्ही नसाल, दुसऱ्याचं वापरत असाल, तरी हेच पाच प्रश्न आधी विचारा. उत्तरं डॉक्युमेंटेशनमध्ये सापडली नाहीत तर स्वतः तपासून स्वतःची एक पानाची टीप तयार करा आणि प्रबंधाला जोडा.

सुरुवात करायला टूलही लागत नाही. तुमच्याकडे आत्ता जो कुठला तक्ता असेल, त्यातला एकच रकाना निवडा आणि त्याबद्दल पाच ओळी लिहा: काय मोजलं, एकक कोणतं, वेळ कोणती, रिकाम्या जागेचा अर्थ काय, आणि हा आकडा कशासाठी वापरू नये. पहिल्या तीन लवकर होतात. शेवटच्या दोन ओळींसाठी बहुधा डेटा गोळा करणाऱ्या आशाताईला किंवा प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला फोन करावा लागेल. तो फोन आजच करा. सहा महिन्यांनी त्यांनाही आठवणार नाही.